वहिनींची चाळणी

आमच्या किनुएवहिनींच्या हातचं मिसो सूप मी हल्ली पीत नाही. दोष सुपाचा नाही, चाळणीचा आहे.

वहिनींकडे बांबूच्या दोन चाळण्या होत्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीतून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, गाळायचं, दुसरीत तानुकीची विष्ठा धुवायची. तानुकी म्हणजे आमच्या जपानी डोंगरातला गुबगुबीत रानकुत्रा. त्यांचं अख्खं कुटुंब ठरलेल्या एकाच जागी शौचाला जाऊन बसतं, आणि पानगळीच्या दिवसांत त्या ढिगात एनोकी आणि मुकू या रानझाडांच्या बिया खच्चून भरलेल्या असतात. "गर काढायचं काम त्यानंच केलंय, भाऊजी," वहिनी कौतुकानं सांगायच्या. एका ओल्या दिवशी दोन्ही चाळण्या शेगडीपाशी खिळ्यांना टांगून वाळत होत्या. माझी वाटी रिकामी झाल्यावर वहिनी खिळ्यावर उरलेल्या चाळणीकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई, मग ती कुठली होती?"

पुढचं लिहवत नाही.

रानझाडांच्या बिया जमवायचा वहिनींचा हट्ट मात्र उगाच नव्हता. दादा गेल्यावर वहिनी डोंगराच्या उताराखालच्या घरात एकट्याच राहतात. उतारावर नुसते देवदार होते, इतके दाट की खाली गवताची काडी नाही, माती उघडी. मागच्या वादळात ते मातीसकट खाली आले आणि न्हाणीघर घेऊन गेले. रानझाडांची मुळं खोल जातात, पाचोळा पाणी धरतो, फळांना पाखरं येतात, हे वहिनींनी गावच्या बैठकीत घसा सुकेपर्यंत सांगितलं. गावचे प्रमुख मोरोझुमी आजोबा म्हणाले, "वसंतात रोपं दाखव. नाहीतर पुन्हा देवदार." पुन्हा देवदार म्हणजे पुढच्या वादळात घर.

आणि नेमका बियांच्या दिवसांत वहिनींचा पाय मुरगळला.

"भाऊजी, तुम्हीच जा."

"वहिनी, मी जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या. माझे हात बघा."

"बघितले. धुतले की स्वच्छ होतात."

नाकाला फडकं, हातात चिमटा, असा मी डोंगरात गेलो. वाटेत फडकं दोनदा सुटलं. तरी पिशवी भरून आणली. वहिनींनी पिशवीचं तोंड उघडून ती चक्क हुंगली.

"हे कुत्र्याचं आहे. भात आणि माशाचे काटे. मोरोझुमींचा दिसतोय, लाडावलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे परत जा."

परत गेलो. या खेपेला जागा बरोबर होती; ढीग ताजा होता, अजून वाफाळत होता, वरून शेणकिडे चालत होते. त्या वासाचं वर्णन करायला मला सडलेल्या फळांचा आणि ओल्या कुत्र्याचा एकत्र संसार मांडावा लागेल. चिमटा चालेना. शेवटी हातानंच भरलं.

वसंतात, वहिनींनी त्या बिया धुऊन पेरलेल्या पेट्यांमधून हिरवी रोपं दाटीवाटीनं वर आली. गावकऱ्यांना घेऊन आलेल्या आजोबांनी वाकून एकेक पान चाचपलं, उताराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "देवदार नको. हीच लावू." मग कुतूहलानं विचारलं, "इतकं छान बी मिळालं कुठून गं?"

"सांगते," वहिनी चुलीकडे वळल्या. "आधी सगळ्यांनी गरम सूप घ्या."

सगळे मांडी घालून बसले. मी घरी गेलो.