सासूचा अंगठा

औंढ्याकडच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. मुलं बंद करण्याच्या ऑपरेशनसाठी एक सून सासूबरोबर आली होती. मी संमतीचा कागद पुढे केला, तर सासूनेच शाईत अंगठा बुडवला. मी रागाने पॅड ओढून घेतलं. "कायद्याने हिचाच अंगठा लागतो," असं सांगून सासूला बाहेर बसवलं.

कागद वाचून दाखवल्यावर सून हळूच म्हणाली, "सिस्टर, मला एवढ्यात न्हाई करायचं. पण मी म्हणले असं सांगू नका."

बाहेर येऊन मी एवढंच सांगितलं, आज ऑपरेशन होणार नाही.

"काहून?" सासूने शाईचा अंगठा वर केला. "थोरल्या सुनेच्या टायमाला ह्योच अंगठा चालला. तुमीच तर धरून उमटवला होता."

ती खरं बोलत होती.