खिडकीसकट भिंत

मेलबर्नला युनिव्हर्सिटीला जाताना ट्रॅममध्ये ती रोज दिसायची. पन्नाशी उलटलेली, लाल कोटातली गोरी बाई. सरकारी वसाहतीचे उंच, करडे टॉवर दिसू लागले की काचेवरचं बाष्प बाहीने पुसायची आणि वर बघून जोरजोरात हात हलवायची.

तेव्हा ट्रॅममध्ये निम्मी आपलीच पोरं असायची. आम्ही सहाजण दोन खोल्यांत राहायचो आणि माझी गादी पॅसेजमध्ये होती. तरीही ते टॉवर मला खुराड्यासारखेच वाटायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "तिथे तुमचं कोण राहतं?"

"कोणी नाही, मेट. मी भिंतीला हात करते," ती डोळे मोठे करून म्हणाली. "आम्हीही दोन खोल्यांत सहाजण होतो, गळक्या लाकडी घरात. ते पाडलं आणि कारखान्यातून काँक्रीटच्या तयार भिंती ट्रकने आल्या. मी शाळा बुडवून बघत उभी. एक भिंत क्रेनला लटकत वर निघाली, खिडकीसकट. तीच आमची, असं मी ठरवूनच टाकलं आणि खालून हात केला. तू कधी बघितलीस स्वतःची खिडकी आभाळात जाताना?"

ऐकता ऐकता माझा स्टॉप मागे गेला.

गेल्या वर्षी मेलबर्नच्या टोकाला, ट्रुगानिनाला आमचं घर बांधत होते. क्रेनने छपराची लाकडी कैची उचलली आणि शेजारी उभ्या लेकीने विचारलं, "बाबा, हू आर यू वेव्हिंग ॲट?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, माझा हात कधीचा वर होता.