मखमली पडदा आणि सात कोंबड्या

पडदा वर जातो तेव्हा मागचं अंगण दिसतं. डावीकडे धुण्याचा दगड, उजवीकडे दोरीवर वाळणारी चादर आणि मधोमध एक खुराडं. त्याला चारही बाजूंनी लाल मखमल शिवलेली. आतून शिंक ऐकू येते. कोंबडीची.

खुराड्याची मालकीण म्हणजे आमच्या नाटक कंपनीची शिवणकामवाली. आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो, कारण मापं घेताना ती राजालाही सरळ उभं राहायला लावायची. तीस वर्षं तिनं मला कधी राणी केलं, कधी भिकारीण. कपड्यांची धूळ आणि जरीचा कचरा गिळून तिच्या छातीत कायमचा खोकला बसला, तो वेगळाच. कंपनी बंद पडली, मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आणि रंगमंचाचा जुना पडदा तिला देऊन टाकला. थंडीत कोंबड्यांना वारा लागू नये म्हणून तिनं तो खुराड्याला शिवला. टाका असा पक्का, की मुंगी शिरायची नाही. आम्हा दोघींना त्याचं केवढं कौतुक!

पंधरा दिवसांत सातही कोंबड्या शिंकू लागल्या. तिघींच्या डोळ्यांत फेस, घशात घरघर. शेजारच्या खोल्यांत तिचे थोरले दीर राहतात, कोर्टातले निवृत्त कारकून. अंगण सामायिक. त्यांनी खुर्चीत बसूनच निकाल दिला: रविवारपर्यंत शिंका थांबल्या नाहीत तर सगळ्या मारून खड्ड्यात, वर चुना.

मास्तरणीनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी मखमलीत डोकं घातलं आणि डोळे पुसतच बाहेर काढलं. आत ओल्या भुशाचा नि विष्ठेचा उग्र वास कोंडला होता. हवा बंद झाल्यानं आधी छाती नाजूक झाली, मग रोगानं गाठलं, असं त्यांनी सांगितलं आणि घशातले नमुने तपासायला नेले. वाईट साथ निघाली तर मारण्यावाचून इलाज नव्हता. तसं झालं तर मी स्वतः मारीन, मास्तरीण म्हणाली, पण तोवर कुणी हात लावायचा नाही.

मग तिनं कात्री आणली आणि स्वतःचा टाका उभ्या उभ्या उसवला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रडायचं तर बाजूला होऊन रड, उजेड अडतोय, म्हणाली.

भुसा बदलला. घरघरणाऱ्या तिघी जिन्याखाली, माझ्या वेशभूषेच्या पेटाऱ्यात. झाकण काढून वर जाळी. दाणापाणी आधी बाहेरच्या चौघींना, मग पेटाऱ्यातल्यांना. मध्ये हात धुवायचे, चपला बदलायच्या, ॲप्रनही दुसरा. तेवढ्यासाठी तिनं दोन रंगांचे शिवले. दोन प्रवेशांमध्ये मीसुद्धा इतक्या चपळाईनं कपडे बदलले नव्हते. औषध पाण्यातून, आणि तोवर अंडी खायची नाहीत. दीर खिडकीत बसून शिंका मोजत आणि आकडा मोठ्यानं सांगत.

शुक्रवारी पेटाऱ्यातली एक गेली. दिरांनी नुसतं एक बोट वर केलं. मास्तरीण त्यांच्या समोरून तिला पुरायला घेऊन गेली आणि येऊन उरलेल्यांचं पाणी बदललं.

शनिवारी अहवाल आला. वाईट साथ नव्हती. रविवारी सहाही जणी दाणे टिपत होत्या, शिंक एखादीच. पण बाईंनी बजावलं होतं की बऱ्या दिसल्या तरी रोग अंगात दबा धरून राहतो. नवी कोंबडी आणायची नाही, यातली कुणाला द्यायची नाही. एवढा मुद्दा दिरांना पुरला. फावडं घेऊन ते अंगणात आले आणि विचारलं, जन्माच्या रोगी कोंबड्या पोसायच्या कशाला?

मास्तरीण खुराड्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पोटभर खोकली. मग म्हणाली,

“माझा खोकला इतकी वर्षं ऐकताय ना, भावोजी? खड्डा खणायचाच तर माझ्या मापाचा खणा. थांबा, टेप आणून देते.”