साठ नंबर, एकसष्ट नग

निपाणीच्या मनुबाईला कुणी विचारलं, की कंपनीत काय करतासा, तर ती सरळ सांगायची, "विमानं करतो." समोरचा हसला तरी तिला फरक पडत नसे. आणि ते खोटंही नव्हतं म्हणा. विमानाच्या दरवाज्याच्या आत तळहाताएवढं एक ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट बसतं. एका विमानाला सहा. मशीनवर कापून आलं की त्याच्या कडेला धारदार कंगोरा राहतो, त्याला कंपनीत 'बर' म्हणतात. ती बर हाताने काढून कड गुळगुळीत करायची, हे मनुबाईचं काम. हात फिरवला आणि कुठं काही लागलं नाही, की ते ब्रॅकेट विमानाचं झालं.

हे बोट तिला आयतं मिळालेलं नव्हतं. सोळाव्या वर्षापासून चाळिसाव्यापर्यंत ती बिड्या वळत होती. पान किती ओलं, तंबाखू किती जाड, हे तिला बघावं लागत नसे. संकेश्वरच्या पुढं हायवेलगतच्या या कंपनीने बायका घ्यायच्या ठरवल्या तेव्हा परीक्षेला दहा तुकडे दिले होते. कॉलेज झालेल्या पोरी भिंग लावून बसल्या. मनुबाईने डोळे मिटले आणि दहातले तीन खराब काढून दिले. दहावीचा दाखला होताच. दुसऱ्या आठवड्यात ती निळा कोट घालून कंपनीच्या बसमध्ये बसली, आणि गल्लीतल्या बायकांनी बस वळेपर्यंत तिच्याकडे बघून घेतलं.

शॉपच्या, म्हणजे कामाच्या शेडच्या, भिंतीवर एक मोठा फळा होता. परदेशातला विमानाचा कारखाना महिन्याला किती विमानं जोडणार आणि आपल्याकडून किती विमानांचा माल गेला, हे त्यावर रोज लिहिलं जाई. मनुबाई आली तेव्हा मागणीचा आकडा चाळीस होता. वर्षात पन्नास झाला. तिकडं विमानं विकत घेणारे रांगा लावून बसलेले, म्हणून इकडं मनुबाईने चहा घाईत प्यायचा, असा तो हिशेब होता. ती वैतागायची, पण फळ्याकडं बघितल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. येत्या एक तारखेला तिला कायम करायचं पत्रही मिळायचं होतं. त्या पत्रावर तिने फार जीव टाकला होता. उद्या ये म्हणून सांगणारं आणि परवा नको म्हणून सांगणारं काम तिने आयुष्यभर केलं होतं.

ते पत्र चार दिवसांवर आलं असताना तिने घोटाळा केला.

माल साठाच्या लॉटमध्ये येई. साठ म्हणजे दहा विमानं. मशीन लावताना आधी एक तुकडा कापून बघतात, त्याला सेटिंग पीस म्हणतात. तो मापाचा असेलच असं नाही, म्हणून त्यावर लाल रंग मारून तो लाल पेटीत टाकायचा. त्या दिवशी तो रंगाविना ट्रेच्या कडेला पडून राहिला. मनुबाईने बघितला. सेटिंगचा आहे हेही तिने ओळखलं. पण हात फिरवला तर काही लागेना. मग तिने त्याचीही बर काढली, पॉलिश केलं आणि तो साठांत सरकवून दिला.

का, म्हणून विचाराल, तर त्याचं कारण फक्त बिडीवालीलाच समजेल. हजार बिड्या घेऊन गेलं की तिथला चेकर बसल्या जागी मूठमूठ बिड्या बाजूला काढायचा. ही वाकडी, ही ढिली. त्याला छाट म्हणत. छाट झाली की हजार भरत नसे, आणि भरलं नाही की बोलणी खावी लागत. म्हणून प्रत्येक बाई घरूनच बिड्यांचे चार कट्टे, म्हणजे जुड्या, जास्तीचे नेई. कमी न्यायचं नाही, हे मनुबाईच्या हाडात गेलं होतं. इथं एखादा तुकडा छाटला तर साठ तरी राहतील, एवढाच तिचा विचार.

नंबर कोरायच्या टेबलावर दिपाली बसायची. सव्वीस वर्षांची, तपासणी विभागातली, कामाला चोख. लॉटसाठी तिच्याकडं साठच नंबर आले होते. साठ कोरून झाले आणि एक ब्रॅकेट हातात उरलं. तिने तीनदा मोजलं. मग शॉपचे प्रमुख वृषभ सर आले आणि त्यांनी लॉट थांबवला. तीन वाजता गोव्याच्या विमानतळाकडं गाडी निघायची होती. महिन्याची शेवटची गाडी. फळ्यावर चाळीस विमानांचा माल गेल्याचं लिहिलेलं होतं आणि पन्नास व्हायला हेच दहा हवे होते.

"सेटिंग पीस कुठं हाय?" सरांनी मशीनवरच्या गुंडूला विचारलं.

गुंडूने लाल पेटी उपसली. तिथं नव्हता. "सर, मी... रंग मारायचा राहिला वाटतं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. खानापूरकडून रोज दोन गाड्या बदलून येणारा तो माणूस, घरात तान्हं लेकरू.

मनुबाई गप्प बसली असती तर सगळं गुंडूवर गेलं असतं, आणि पत्र तिच्या हातात पडलं असतं. हे तिला स्पष्ट दिसत होतं. क्षणभर ती बसलीही गप्प. त्या क्षणाची तिला पुढं फार लाज वाटली.

"सर, मी घातलाय त्यो," ती उठून म्हणाली. "गुंडूचं काय न्हाय."

"कुठला ते वळकतासा काय?"

तिने एकसष्टच्या एकसष्ट हाताखालून घातले. दोनदा. हातच तिचे इतके चांगले होते, की तो तुकडा बाकीच्यांत पुरता हरवला होता.

"न्हाय वळकत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मग सगळे मोजायच्या मशीनवर चढवले. एकाला चार मिनिटं. तीन वाजता गाडी निघून गेली. महिना चाळीसवर बंद झाला. संध्याकाळी सव्विसाव्या नंबराचं ब्रॅकेट सापडलं, त्याचं भोक केसाच्याही निम्म्याने सरकलेलं होतं. तेवढं बोटाला लागत नाही, पण विमानाला लागतं.

वृषभ सरांनी तिच्याकडून सगळं लिहून घेतलं. छाटीचं वाचून ते थांबले. "किती काढायचे छाट?"

"हाताला यील तेवढी. कमी पडलं म्हणायची सोय नव्हती, सर."

सरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आक्का, हितं जास्त दिलेलं चालत न्हाय. कमी असलं तर कमी म्हणून सांगायचं. पत्र तीन महिन्यांनी बघू." गुंडूला रंगाबद्दल दोन शब्द ऐकावे लागले, तेवढ्यावर भागलं.

तीन महिने मनुबाईने खाली मान घालून काम केलं. फळ्यावरचा आकडा बावन्न झाला. आणि पत्राला आठवडा उरलेला असताना, गाडी दारात लागलेली असताना, शेवटचं ब्रॅकेट तिच्या हातून निसटून फरशीवर पडलं. कोपऱ्याला बारीकसा पोचा आला. दोन मिनिटं घासलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिचा हात कानशीकडं गेलाही.

तिने कानस खाली ठेवली. ट्रे उचलला, ते एक वेगळं हातात धरलं आणि दिपालीच्या टेबलापाशी गेली.

"एकोणसाठ हायत," ती म्हणाली. "ह्ये माझ्या हातनं पडलं. एक कमी."

दिपालीने त्या तुकड्यावर लाल रंग मारला, कागदावर एकोणसाठ लिहिलं आणि पेन पुढं केलं. "सही करा, आक्का. एक उद्या कापून घेऊ."

मनुबाईने सही केली आणि तिथंच उभी राहिली. आता बोलणी येतील म्हणून ती वाट बघत होती.

"आनि काय, आक्का?" दिपालीने मान वर न करता विचारलं.

"काय न्हाय."

पत्र तिला एक तारखेला मिळालं. तिने ते देवाजवळ ठेवलं, सगळ्या गल्लीला दाखवलं. पण एकोणसाठवर सही करून त्या दुपारी जागेवर परत येऊन बसली तेव्हा पत्राचा विचारही तिच्या डोक्यात नव्हता. डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. पलीकडून गुंडूने मशीन थांबवून विचारलं, "काय झालं, आक्का?"

"कमी दिलं रं," ती म्हणाली. "आन घेतलं त्यांनी."