नकाशाला गुडघे नसतात

फोनमधल्या नकाशात पायी चालणाऱ्या माणसाचं एक इवलंसं चित्र असतं. नीट बघा त्याच्याकडे. हातात पिशवी नाही, डोक्यावर ऊन नाही आणि सोबत आई नाही. असा माणूस कुठेही सात मिनिटांत पोहोचणारच. माझं त्याच्याशी भांडण आहे, आणि ते घोडपदेवला सुरू झालं.

आई घोडपदेवच्या चाळीत वाढली आणि लग्न होऊन ठाकूरद्वारला आली. तिची बालमैत्रीण मात्र त्याच चाळीत, दोन दारं सोडून दिलेली. सासरी जाताना तिला चपलाही घालाव्या लागल्या नसतील. दोघी मूळच्या मालवणाकडच्या, त्यामुळे फोनवर बोलायला लागल्या की आमच्या घरात समुद्र येतो.

बाबा गेले आणि आईला हळदीकुंकवाची बोलावणी यायची बंद झाली. कोणी वाईट वागलं नाही, नुसतं बोलावलं नाही. "बरंच झालं, नाहीतरी गुडघे दुखतात," असं ती म्हणायची. मला त्या सगळ्या गोड बोलणाऱ्या बायकांचा भयंकर राग यायचा, अजूनही येतो.

या संक्रांतीनंतर मैत्रिणीचा फोन आला. "औंदा पयला कुकू तुका लावतलंय. तू येईसर मी करंड्याक हात लावचंय नाय. बसांदेत बायका ताटकळत!"

आई "बघू" म्हणाली. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. पण ठरल्या दिवशी दुपारीच तिने मोरपंखी साडी पलंगावर काढून ठेवली. एखादं कारण मिळालं असतं तर ती साडी परत कपाटात गेली असती. मी मुकाट्याने टॅक्सी बोलावली.

टॅक्सी नाक्यावरच अडली, कारण पुढचा रस्ता खणून ठेवला होता. नकाशाला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी तो रस्ता निळाशार आणि मोकळा. उतरून मी पायी जायचा मार्ग विचारला. सात मिनिटं, नकाशातली बाई म्हणाली. तो मार्ग पादचारी पुलावरून जात होता. पुलाला हा एवढा उंच जिना, आणि नकाशात त्याची चार ठिपके काढून बोळवण केलेली.

आईने आधी पुलाकडे पाहिलं, मग फोनकडे. "ही बाई कधी आलीय का घोडपदेवला?"

"आई, ती बाई नाहीये, मशीन आहे."

"तरीच. चल माझ्या मागून. दोन चाळींच्या मधून बोळ आहे, आम्ही शाळेत जायचो तिथून."

बोळ होता. त्याच्या शेवटी एका नव्या टॉवरची भिंत होती आणि भिंतीवर काचा लावलेल्या होत्या. फोनमधला नकाशा खड्ड्यांच्या आधीचा आणि आईच्या डोक्यातला टॉवरच्या आधीचा. फोन निदान "नवीन मार्ग शोधत आहे" असं तरी म्हणतो. आई भिंतीकडेच रागाने बघत राहिली.

"जाऊ दे, परत फिरू," ती म्हणाली. "तिला फोन कर. सांग, पाय धरलाय."

पाय धरला होता हे खरं, पण ती घाबरली होती हेही खरं. "सगळ्यांच्या आधी मी पुढे जायचं. बायका काय म्हणतील?"

"म्हणतील, आल्या एकदाच्या, आता चहा मिळेल. चल."

तिसरा रस्ता लांबचा होता, पण सपाट. तो आम्ही बसत बसत पार केला. आधी पिठाच्या गिरणीबाहेरच्या बाकावर, मग शिंप्याने आपण होऊन पुढे केलेल्या स्टुलावर, मग बुद्धविहाराच्या पायरीवर. प्रत्येक ठिकाणी आईला पाणी आणि चौकशी दोन्ही मिळालं. मी मात्र पायरीवर बसून मनातल्या मनात नकाशावाल्यांना झापत होते. अरे बाबांनो, हॉटेलं दाखवता, एटीएम दाखवता, तसा टेकायला ओटा कुठे आहे ते दाखवा की! सावली कुठल्या फुटपाथवर, जिना किती उंच, कठडा आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे आतून कडी लागणारं बायकांचं स्वच्छतागृह कुठे. गाडीवाल्यांना टोल चुकवायचा पर्याय देता, आम्हाला पायऱ्या चुकवायचा द्या.

चाळीच्या दारात फोनने आम्ही पोहोचल्याचं जाहीर केलं. मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. मजले हा प्रकार नकाशाच्या गावीच नसतो.

आई कठडा धरून पहिल्या मजल्याच्या थोडी वर गेली आणि पायरीवर बसली. "आता नाही होत गं," म्हणाली. डोळे भरले होते. एवढं येऊन आता इथे, या विचाराने मलाही रडू यायला लागलं. मी जिन्यातून वर तोंड करून हाक मारली.

"थंयच बस गो! मीच येतंय!"

मग मैत्रीण दिसली. एका हातात करंडा, एका हाताने कठडा, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. तिचे गुडघेही आईच्याच शाळेतले. दिवाळीपासून ती खाली उतरली नव्हती. तिच्यामागे सगळ्या बायका रांगेने, कोणाच्या हातात तिळगुळाचा डबा, कोणाच्या हातात वाणाच्या स्टीलच्या डब्या. अख्खं हळदीकुंकू जिन्यावर उतरलं. खाली कामावरून परतलेले पुरुष हेल्मेट नि भाजीच्या पिशव्या घेऊन खोळंबले. एकजण भीत भीत म्हणाला, "काकी, जाऊ का वर?"

"थांब रे. तुझी बायको पण रांगेतच आहे," वरून एक काकी म्हणाली.

मैत्रीण आईच्या शेजारी पायरीवरच बसली. आईने एकदा वर त्या बायकांकडे पाहिलं. मैत्रिणीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, हळद लावली, मग कुंकू. "किती उशीर गो," म्हणाली. मागच्या बायकांनी घाई केली नाही. आईने करंडा तिच्या हातून घेतला आणि तिलाही लावलं. मग दोघी एकदम हसायला लागल्या, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

परत येताना टॅक्सीत आई घामाघूम झाली होती. तिने रुमाल काढून मान पुसली, गाल पुसले. कपाळाशी आल्यावर तिचा हात हळू झाला. मधली जागा सोडून, कडेकडेने, जपून तिने घाम टिपला.