गप्प बसलेल्या खुर्च्या

सुतारकाका गेले तेव्हा त्यांनी घडवलेल्या दारांचं, कपाटांचं कौतुक करायला अख्खी गल्ली लोटली. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मनात मात्र त्यांचं एक जुनं भांडण तसंच राहिलं होतं, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते तर निघून गेले होते.

भांडण गाण्यावरून होतं. काकांना गाण्याचं भलतं वेड. लग्नाआधी पोटाला चिमटा काढून त्यांनी गावातल्या सभागृहाचं तिकीट काढलं होतं. तरुण गायिकेनं आवाज अगदी बारीक केला, लोक कानात प्राण आणून ऐकू लागले आणि नेमकी काकांची खुर्ची कुरकुरली. सगळ्यांनी वळून पाहिलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ते हत्यारांची पिशवी घेऊन तिथे हजर झाले, आणि मग जन्मभर जातच राहिले.

"खिळा ठोकला तर खुर्ची चार दिवस गप्प बसते, मग दुप्पट बोलते," असं ते म्हणायचे. म्हणून ते एकेक सांधा सोडवत, जुना सरस खरवडून काढत, नवी पाचर बसवत. मग स्वतः बसून पुढे झुकत, मागे रेलत, पायावर पाय टाकत, डुलतसुद्धा. दिवसभर दुकानात रंधा मारून खांदे भरून आलेला माणूस रिकाम्या सभागृहात एकटाच डुलतोय, हे पाहून झाडूवाली तोंड दाबून हसायची.

गाण्याच्या दिवशी काकूंना पुढे बसवून काका मागच्या दारापाशी उभे राहत. डोळे मिटलेले, अर्धा कान गाण्यावर, अर्धा खुर्च्यांवर.

"माझ्याशेजारी कधी बसणार तुम्ही?" काकू विचारत.

"सगळ्या खुर्च्या गप्प झाल्या की बसतो."

"घरातली खाट कुरकुरते ती ऐकू येत नाही. ते सभागृह म्हणजे माझी सवत आहे, सवत."

"खाटेवर कोणी गात नाही ना," काका म्हणत.

तरी काकू दर वेळी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरत, आणि अर्धं गाणं मान वळवून दाराकडे बघण्यात घालवत.

काका गेल्यावर काकूंनी तिकडे पाऊल टाकलं नाही. शेवटी लेकीनं हट्टानं नेलं. सवयीनं पिशवी शेजारच्या खुर्चीवर गेली, लेक दुसऱ्या बाजूला बसली. दारापाशी आता बघण्यासारखं कोणी नव्हतं, म्हणून काकू पहिल्यांदाच समोर बघत राहिल्या.

गायिका तीच होती, काकांची खुर्ची कुरकुरली तेव्हाची, आता केस पिकलेली. तिनं आवाज खाली आणला, आणखी खाली आणला, श्वास कुठला आणि स्वर कुठला ते कळेना. भरलेलं सभागृह ऐकायला एकदम पुढे झुकलं. आता कुठली तरी खुर्ची कुरकुरणार, म्हणून काकूंनी श्वास रोखला. एकही कुरकुरली नाही. एवढी माणसं हलली, आणि तो बारीक स्वर न तुटता शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकट्या माणसानं, पटाशी आणि सरस घेऊन, एवढी मोठी शांतता घडवली होती. आणि आपण इतकी वर्षं तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

टाळ्या सुरू झाल्या. काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा आता," त्या हळूच म्हणाल्या.