गळा बंद असताना आलेला कुकारा

भूत, देवचार, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आलो. गुरांच्या व्यापारात मुरलेला माणूस आहे; बैलाचे दात स्वतः बघितल्याशिवाय मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तेव्हा हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वर डोंगरात. तिथे दरीपलीकडच्या माणसाला बोलवायचं तर कुकारा घालतात — नाव लांबवायचं आणि शेवटी ‘कूऽऽ’. प्रत्येक घराची कूक वेगळी. ऐकणारा न बघता ओळखतो. मी तिथून अनवाणी उतरलो, धंदा उभा केला, बिरवाडीत घर बांधलं. थोरला भाऊ, तुकादादा, वरच राहिला.

त्या दादाने घरच्या गाईची खोंडं भर बाजारात दुसऱ्या व्यापाऱ्याला दिली. उपरण्याखाली हात घालून, बोटांनी सौदा... आणि मी शेजारी उभा!

“मला का नाही विचारलंस?”

“तू भाऊ म्हणून किंमत पाडून मागितली असतीस.”

मागितलीच असती. धंदा आहे. पण चारचौघांत असं बोलायचं? मी तिथेच सांगितलं, तू हाक मारल्याशिवाय वाडी चढणार नाही. “बस वाट बघत,” म्हणाला. बसलो. वर्षं गेली.

आता मूळ गोष्ट. झोपेत माझं घोरणं मध्येच थांबायचं आणि श्वासही. बायको हलवून जागं करायची. महाडच्या डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्निया सांगितला. म्हणाले, झोपेचं औषध देऊन गळ्याचा सीटी स्कॅन करू, श्वास नेमका कुठे अडतो ते दिसेल. दरावरून मी काउंटरवर भांडलो. “काका, इथे बाजार नाही भरत,” तिथली मुलगी म्हणाली.

भर दुपारी मशीनमध्ये गेलो. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा टेक्निशियनचा चेहरा उतरलेला.

“काका, तुम्हाला घरी कोणी सद्या म्हणतं का?”

कागदावर सदाशिव आहे. सद्या म्हणणारा जगात एकच उरलाय.

त्याने सांगितलं ते असं — स्क्रीनवर जिभेमागची काळी पट्टी, म्हणजे श्वासाची वाट, मिटली ती उघडेचना. डॉक्टर माझा जबडा पुढे ओढायला धावले, तेवढ्यात स्कॅनच्या खोलीतल्या माइकवरून पुरुषाची लांब हाक आली. “सद्याऽऽ... कूऽऽ.” आणि मी हिसका देऊन श्वास घेतला. त्याने ती कूक करूनही दाखवली. आमच्या घरची होती.

“तुम्हीच ओरडला असाल झोपेत,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनीच चित्रं पुन्हा लावली. हाकेच्या वेळी वाट पूर्ण बंद. बंद गळ्यातून कुकारा कसा निघेल?

मला वाटलं, दादाने कुणाला तरी हाताशी धरून माझी थट्टा केली. दुसऱ्या दिवशी तणतणत वर गेलो. वहिनी अंगणात होती.

“कुठाय तो?”

“हळू बोला भावजी. लकवा मारलाय त्यांना. गणपतीपासून वाचा नाय.”

मी भडकलो. “आणि मला कोणी सांगायचं नाही?”

“तुमी हाकंची वाट बघत होतात ना? वाचा गेलेल्या माणसानं हाक मारायची कशी?” मग तिचा आवाज उतरला. “पण काल दुपारच्या जेवणाच्या येळंला उठून बसले, नि तुमच्या नावानं कुकारा घातला. माझ्या हातातला तांब्या पडला. परत एक शब्द नाय.”

वाडीत मोबाइलला रेंज नाही. स्कॅनचं बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

दादा खाटेवर होता. विचारलं, “मारलीस ना हाक?” त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता मी झोपताना तोंडाला मशीन लावतो, श्वास अडत नाही. चित्रं डॉक्टरांनी जपून ठेवलीत. राग आहे अजून... खोंडांचा आहेच, आजार लपवल्याचा जास्त. पण आधी हाक त्याने मारली, आणि मी शब्द दिला होता. म्हणून दर बाजारानंतर वाडी चढतो, खाटेशेजारी बसतो, बैलांचे भाव सांगतो. त्याचं तोंड भिंतीकडेच असतं.